गाभण गायीची विण्यापूर्वीची तयारी

गाभण दुभती गाय आटवल्यापासून, म्हणजे तिचे दूध काढणे थांबवल्यापासून, ती विण्यापर्यंत तिच्या आहारात, निवाऱ्यात आणि देखरेखीत जाणीवपूर्वक केलेल्या बदलांना विण्यापूर्वीची तयारी म्हणतात. विताना अडचण येऊ नये, वासरू सशक्त निपजावे, दूध भरपूर मिळावे हे तिचे जुने हेतू. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून मात्र ही तयारी पुढच्या गाभणपणासाठीचीही मानली जाऊ लागली. हा भाकड काळ साधारण ६० दिवसांचा असतो आणि त्यातले शेवटचे २१ दिवस सर्वांत नाजूक. व्यायल्यानंतरचे २१ दिवस त्यांना जोडले की सहा आठवड्यांचा जो पट्टा होतो त्याला संक्रमणकाळ असे नाव आहे. गायीच्या वर्षभरातले बहुतेक आजार याच पट्ट्यात सुरू होतात.

वेळेचा हिशेब साधा आहे. गायीचा गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा. वर्षाला एक वेत हवे असेल तर ३६५ मधून ते वजा जाता ८५ दिवस उरतात. तेवढ्यात गर्भाशय पूर्ववत व्हायला हवे, बीजांडकोशांचे काम पुन्हा सुरू व्हायला हवे, माज दिसायला हवा आणि रेतन फळायला हवे. व्यायल्यानंतरचे पहिले ५०–६० दिवस बहुतेक कळपांत रेतन करतच नाहीत, म्हणजे हाती राहतात एक किंवा दोन माज. न्यूझीलंड आणि आयर्लंडमधल्या, कुरणावर चरणाऱ्या व ठरावीक ऋतूतच विणाऱ्या कळपांना हा हिशेब चुकवता येत नाही. बारमाही विणाऱ्या, जास्त दुधाच्या कळपांत दोन वेतांतले अंतर ४०० दिवसांच्या आसपास गेले तरी चालवून घेतात. पण तिथेही उशिरा गाभ राहणाऱ्या गायीच शेवटी कळपातून काढल्या जातात.

गाय वारंवार उलटू लागली, म्हणजे रेतन करूनही गाभ न राहता पुन्हा माजावर येऊ लागली, की चौकशी सुरू होते ती रेतनाच्या दिवसापासून : माज नीट ओळखला होता का, रेतनाची वेळ साधली का, वीर्यमात्रा नीट वितळवली होती का. हे प्रश्न योग्यच आहेत. पण रेतनाच्या दिवशी सुटणारे बीजांड त्या दिवशी तयार झालेले नसते. बीजांडकोशावरच्या ज्या पुटिकेत (द्रवाने भरलेल्या फोडासारख्या पिशवीत) ते वाढते ती लहान असल्यापासून फुटेपर्यंत दोन-अडीच महिने जातात. व्यायल्यानंतर ७० व्या दिवशी सुटलेल्या बीजांडाची वाढ अशा रीतीने विण्याच्या सुमारास सुरू झालेली असते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाचे जॅक ब्रिट यांनी १९९२ मध्ये यावरून एक गृहीतक मांडले : व्यायल्यावर ज्या गायी झपाट्याने खंगतात त्यांच्या पुटिका त्या उपासमारीतच वाढतात, आणि तिचे परिणाम दोन-अडीच महिन्यांनी रेतन फसण्यात दिसतात. एकेका पुटिकेचा इतके दिवस माग काढणे जवळपास अशक्य असल्यामुळे गृहीतकाचा थेट पुरावा मिळवणे अवघड आहे. अप्रत्यक्ष पुरावे मात्र बरेच साचले आहेत. विस्कॉन्सिनमधील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गायींचे तीन गट पाडले होते. व्यायल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत ज्यांची अंगकाठी खालावली त्यांच्यापैकी पहिल्या रेतनाला सुमारे २५ टक्के गाभ राहिल्या, जैसे थे राहिलेल्यांपैकी सुमारे ३८ टक्के, आणि ज्यांनी अंग धरले त्यांच्यापैकी सुमारे ८३ टक्के. रेतनाची पद्धत तिन्ही गटांना एकच होती. अंग धरणाऱ्या गायी गोठ्यागणिक कमी-जास्त असतात, त्यामुळे यातला काही फरक गोठ्यांमधल्या फरकाचा असू शकतो. तरी त्याची दिशा नाकारता येत नाही.

शरीरातील घडामोडी : विण्याआधीच्या तीन आठवड्यांत गायीचे खाणे सुमारे एक-तृतीयांशाने घटते, आणि त्यातली बरीचशी घट शेवटच्या आठवड्यात होते. नेमक्या त्याच वेळी पोटातले वासरू झपाट्याने वाढत असते आणि कास भरू लागते. व्यायल्यावर दुधाची मागणी काही दिवसांतच वाढत जाते, भूक मात्र आठवड्यांनी. ही तूट गाय अंगावरच्या चरबीतून भरून काढते. चरबी वितळून मुक्त मेदाम्ले रक्तात उतरतात. यकृत त्यांतली काही जाळते, झेपेनात तेव्हा काही साठवते आणि काहींची किटोन द्रव्ये बनवते. थोडी चरबी वितळणे स्वाभाविक आहे, सस्तन प्राण्यांची ती रीतच आहे. हे वितळणे यकृताच्या आवाक्याबाहेर गेले की मात्र त्याचा आजार होतो. किटोनमुळे भूक आणखी मंदावते आणि तूट वाढते.

प्रजननाशी याचा संबंध दोन वाटांनी येतो. पहिली वाट संप्रेरकांची. व्यायल्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच बीजांडकोशावर पहिली मोठी पुटिका तयार होते. ती फुटेल की विरून जाईल हे मेंदूकडून येणाऱ्या ल्युटिनायझिंग संप्रेरकाच्या ठोक्यांवर ठरते, आणि ऊर्जेची तूट मोठी असेल तर हे ठोके विरळ पडतात. साखर व इन्सुलिन कमी पडल्यामुळे यकृतात तयार होणारे आयजीएफ-१ हे वाढघटकही घटते आणि पुटिकेला पुरेसे इस्ट्रोजेन बनवता येत नाही. अशी गाय माजावर येत नाही, किंवा आली तरी मुका माज करते, म्हणजे माजाची लक्षणे दाखवत नाही. दुसरी वाट गर्भाशयाची आहे.

व्यायल्यानंतर पहिल्या दोन आठवड्यांत जवळजवळ प्रत्येक गायीच्या गर्भाशयात जंतू शिरतात. बहुसंख्य गायी ते स्वतःच साफ करतात. ज्यांना ते जमत नाही त्यांना गर्भाशयदाह होतो, आणि त्याची चिवट रूपे रेतनाच्या काळापर्यंत टिकतात. साफसफाईचे काम रक्तातील पांढऱ्या पेशींचे. विण्याच्या सुमारास त्या मंदावलेल्या असतात. वार (जार) अडकणे हे याचेच एक लक्षण आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. वार सुटणे ही बऱ्याच अंशी प्रतिकारशक्तीची क्रिया आहे : वासरू बाहेर पडल्यावर पांढऱ्या पेशींनी वार परकी म्हणून ओळखायची आणि तिची पकड सोडवायची असते. अमेरिकेत आयोवा राज्यातील एम्स येथील राष्ट्रीय पशुरोग केंद्रात २००२ मध्ये असे आढळले की ज्या गायींची वार पुढे अडकली त्यांच्या पांढऱ्या पेशी विण्याआधीच कमकुवत झालेल्या होत्या. म्हणजे २४ तासांत वार न पडणे ही व्यायल्यानंतरची घटना असली तरी तिचे कारण आधीचे असते. अडकलेली वार हाताने ओढून काढण्याची जुनी पद्धत आज निषिद्ध मानतात. तिने गर्भाशयाच्या अस्तराला इजा होते आणि मूळ दुखणे तसेच राहते.

कॅल्शियम : या सगळ्यामागे बहुधा कॅल्शियमचा हात असतो, म्हणून त्याकडे थोडे थांबून पाहायला हवे. गायीच्या रक्तद्रवात एका वेळी जेमतेम ३ ग्रॅम कॅल्शियम असते. १० लिटर चिकात २० ग्रॅमहून अधिक जाते. इतके कॅल्शियम तासागणिक हाडांतून आणि आतड्यांतून आणावे लागते. ते न जमल्यास गाय थंड पडते, मान वळवून बसते आणि उठत नाही. हा दुग्धज्वर. नाव ज्वराचे असले तरी यात ताप नसतो, उलट अंगाचे तापमान उतरते. उघड दुग्धज्वर थोड्याच गायींना होतो. त्याहून मोठी अडचण छुप्या कमतरतेची. रक्तातील कॅल्शियम दर डेसिलिटरला ८.५ ते १० मिलिग्रॅम असावे. ते ८ च्या आसपास वा खाली घसरूनही गाय उभी राहते, खाते, दूध देते, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत दुसऱ्या व पुढच्या वेतांतल्या ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास गायींत अशी कमतरता सापडली होती. कॅल्शियम कमी पडले की गर्भाशयाचे व पोटाचे स्नायू सैलावतात, वार रेंगाळते, चौथे पोट जागचे सरकते, सडांची तोंडे नीट मिटत नाहीत आणि पांढऱ्या पेशींचे काम मंदावते.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे विण्याआधी भरपूर कॅल्शियम चारणे. तो उलटतो. आयते कॅल्शियम मिळत राहिले की हाडांतून ते काढण्याची यंत्रणा सुस्तावते आणि ऐन गरजेच्या दिवशी जागी होत नाही. खरी गोष्ट आणखी वेगळी निघाली. नॉर्वेतील संशोधकांच्या १९६० च्या दशकापासूनच्या प्रयोगांतून दिसले की खनिज आम्लांनी टिकवलेला मुरघास (हवाबंद साठवलेला हिरवा चारा) किंवा आम्लधर्मी क्षार खाणाऱ्या गायींना दुग्धज्वर फारसा होत नाही. वैरणीत पोटॅशियम जास्त असले की रक्त किंचित अल्कधर्मी होते, आणि अशा रक्तात परावटु (पॅराथायरॉइड) ग्रंथीच्या, हाडांतून कॅल्शियम काढवणाऱ्या संप्रेरकाला पेशी नीट दाद देत नाहीत. म्हणून आहारातील सोडियम व पोटॅशियमच्या बेरजेतून क्लोराइड व गंधकाची बेरीज वजा करतात आणि येणारी बाकी शेवटच्या तीन आठवड्यांत उणे ठेवतात. साधारणपणे शुष्क आहाराच्या (पाणी वगळून धरलेल्या आहाराच्या) दर किलोमागे उणे १०० ते उणे १५० मिलिइक्विव्हॅलंट (क्षारांचा विद्युतभार मोजण्याचे एकक). त्यासाठी अमोनियम क्लोराइड, मॅग्नेशियम सल्फेट यांसारखे क्षार मिसळतात. ते कडवट असतात आणि मात्रा जरा चढली की गाय खाणेच कमी करते. मग एक दुखणे टाळताना दुसरे ओढवते. क्षारांच्या आधी पोटॅशियम कमी असलेली वैरण निवडणे हेच शहाणपणाचे. शेणखत व स्लरी (शेण-मूत्राचा पातळ काला) भरपूर पडलेल्या शेतातला हिरवा चारा या काळात नको. मॅग्नेशियम शुष्क आहाराच्या ०.४ टक्क्यांच्या आसपास लागते.

मात्रा बरोबर बसली का हे लघवीवरून कळते. होल्स्टिन गायींत लघवीचा सामू (आम्ल-अल्कता दाखवणारा आकडा, पीएच) ६.० ते ६.८, जर्सीत ५.५ ते ६.० असावा. सामू ८ च्या वर दिसला तर क्षार पोटात जातच नाहीत, आणि होल्स्टिनमध्ये ५.५ च्या खाली गेला तर ते फार होत आहेत. इतकी स्वस्त आणि इतकी उपयोगी चाचणी गोठ्यात दुसरी क्वचितच असेल.

अंगकाठी : गायीच्या अंगावरच्या चरबीचा अंदाज पाठीचा कणा, खुबे, बैठकीची हाडे व शेपटीची मुळी पाहून १ ते ५ गुणांत मांडतात. १ म्हणजे हाडांचा सापळा, ५ म्हणजे हाडे बोटाला न लागणारी गाय. पूर्वी विताना ३.५ किंवा त्याहून अधिक गुण चांगले समजत, आता ३.० ते ३.२५ हे लक्ष्य धरतात आणि व्यायल्यानंतर अर्ध्या गुणाहून अधिक घसरण होऊ नये असे पाहतात. लठ्ठ गाय विण्याच्या सुमारास कमी खाते आणि चरबी जास्त वितळवते, त्यामुळे ती सडपातळ गायीपेक्षा जास्त खंगते. गोठेवाल्याला हे पटवणे सर्वांत कठीण जाते, कारण गुबगुबीत गाभण गाय डोळ्यांना सुखावते.

लठ्ठपणाचे मूळ मात्र भाकड काळात शोधू नये. उशिरा गाभ राहिलेली गाय कमी दुधावर लांबलचक दिवस काढते आणि अंगाला लावून घेते. ती लठ्ठ विते, झपाट्याने खंगते, पुन्हा उशिरा गाभ राहते, आणि पुढच्या वेताला आणखी लठ्ठ होते. वेळेवर गाभ राहणारी गाय याच्या नेमकी उलट वाट चालते. भाकड काळात लठ्ठ गायीला उपाशी ठेवून बारीक करणे धोक्याचे असते, कारण त्याने चरबी अवेळी वितळून यकृतावर येते. दुरुस्ती करायची ती दूध चालू असतानाच, शेवटच्या दोन-तीन महिन्यांत.

आहार : ब्रिटनमधील रॉबर्ट बाउटफ्लर यांनी १९२० च्या दशकात विण्याआधी खुराक टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याची पद्धत रुजवली. ती ‘स्टीमिंग अप’ या नावाने जगभर पसरली. गायी आधी अर्धपोटी असत तेव्हा तिचा फायदा होता. पुढे इलिनॉय विद्यापीठात जेम्स ड्रॅकली यांच्या गटाने दाखवले की भाकड गायीला गरजेपेक्षा दीडपट ऊर्जा मिळत राहिली, तर ती वरून लठ्ठ न दिसताही पोटाच्या आत चरबी साठवते आणि व्यायल्यावर तिची भूक जास्त कोसळते. तेव्हापासून बेतशीर ऊर्जेचा आहार रूढ झाला : बारीक कापलेला गव्हाचा पेंढा भरपूर, मक्याचा मुरघास बेताने, प्रथिने पुरेशी. गायीचे पोट भरते, ऊर्जा मात्र गरजेपुरतीच मिळते. पेंढा लांब राहिला तर गाय तो बाजूला सारून खुराकच वेचते, आणि कागदावरचा सगळा हिशेब गव्हाणीत फसतो. कापणीची लांबी गायीच्या तोंडाच्या रुंदीहून कमी असावी, हा सोपा नियम आहे.

विण्याआधीच्या शेवटच्या आठवड्यांत पुढच्या दूधआहारातील घटकांची थोडी ओळख करून देतात, म्हणजे कोठीपोटातले (चारा आंबवणाऱ्या पहिल्या मोठ्या पोटातले) सूक्ष्मजीव रुळतात. ई जीवनसत्त्व रोज १,००० ते २,००० एकके आणि सेलेनियम दर किलो शुष्क आहारामागे ०.३ मिलिग्रॅम दिल्याने, विशेषतः सेलेनियम कमी असलेल्या जमिनींच्या प्रदेशात, वार अडकण्याचे प्रमाण घटते. सेलेनियम जास्त झाले तर विषारी ठरते, म्हणून मिश्रण, टोचणी आणि चाटण तिन्हींतून ते एकदम देऊ नये.

निवारा : आहारतज्ज्ञांचे कोष्टक कितीही अचूक असले तरी गव्हाणीपाशी जागा नसेल तर ते फुकट जाते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पुढे गर्भाशयदाह झालेल्या गायी विण्याच्या दोन आठवडे आधीपासूनच कमी खात आणि गव्हाणीपाशी कमी वेळ थांबत, असे दिसले. दांडग्या गायींपुढे त्या माघार घेत होत्या. म्हणून विण्याजवळ आलेल्या प्रत्येक गायीला गव्हाणीवर किमान ७५ सेंटिमीटर जागा, कोरडी मऊ बैठक आणि शक्यतो स्थिर कळप देतात. दर एक-दोन दिवसांनी नवी गाय आत आणली की प्रत्येक वेळी मानपान नव्याने ठरतो. पहिलारू कालवडी मोठ्या गायींपासून वेगळ्या ठेवल्या तर त्या निवांत खातात. जागा नसेल तर निदान गर्दी टाळावी. गाय ऐन विण्याच्या तासांत हलवू नये.

उन्हाळ्यात दुभत्या गायींना पंखे आणि फवारे मिळतात, भाकड गायी झाडाखाली जातात. ही काटकसर महागात पडते. फ्लोरिडा विद्यापीठातील प्रयोगांत भाकड काळात थंडावा मिळालेल्या गायींनी पुढच्या वेतात स्पष्टपणे जास्त दूध दिले. थंडावा न मिळालेल्या काही दिवस आधी व्यायल्या आणि त्यांची वासरे वजनाने हलकी निपजली.

कास व भाकड काळाची लांबी : आटवताना कास निरोगी असणे हे प्रजननासाठीही महत्त्वाचे आहे, कारण रेतनाच्या सुमारास झालेला कासदाह गाभ राहण्याची शक्यता घटवतो आणि राहिलेला गाभ पाडू शकतो. आटवताना प्रत्येक गायीच्या सडांत प्रतिजैविक भरण्याची पद्धत आता मागे पडत आहे. युरोपीय संघात २८ जानेवारी २०२२ पासून सरसकट प्रतिबंधक वापराला बंदी आहे. जंतुसंसर्ग असलेल्या गायींना औषध आणि बाकीच्यांना सडाचे तोंड बंद करणारा नुसता लेप, असा मार्ग तिथे घेतात. भाकड काळ ६० दिवसांवरून ३०–३५ वर आणल्यास किंवा अजिबात न दिल्यास व्यायल्यानंतरची ऊर्जेची तूट कमी होते, असे नेदरलँड्समधील वाखेनिंगेन विद्यापीठाच्या प्रयोगांत दिसले. दूध मात्र घटते, त्यामुळे हा सौदा सगळ्यांना परवडत नाही.

तपासणी : विण्याआधीच्या दोन आठवड्यांत रक्तातील मुक्त मेदाम्ले लिटरला ०.३ मिलिइक्विव्हॅलंटच्या वर आणि व्यायल्यानंतरच्या दोन आठवड्यांत बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हे किटोन द्रव्य १.२ मिलिमोलच्या वर असलेल्या गायी धोक्यात समजतात. एखाददुसऱ्या गायीवरून निष्कर्ष काढत नाहीत. डझनभर गायी तपासून त्यांतल्या १५ टक्क्यांहून अधिक रेषेपलीकडे असतील तर आहारात किंवा निवाऱ्यात दोष आहे असे धरतात. प्रयोगशाळा जवळ नसेल तेव्हा वार अडकलेल्या, थंड पडलेल्या, गर्भाशयदाह झालेल्या गायींची तारीखवार नोंदही पुष्कळ सांगते. प्रत्येक गाय आटवताना, विताना आणि तीन आठवड्यांनी, अशी तीनदा अंगकाठी लिहून ठेवली तर आणखी.

या तयारीचा एक अंगभूत त्रास म्हणजे उत्तर उशिरा मिळते. आज भाकड गायींचा आहार बदलला, तर त्या गायी वितील, त्यांचे रेतन होईल आणि गाभतपासणी होईल, तोवर चार-पाच महिने उलटतात. मधल्या काळात गोठ्यात जी गाभतपासणी चालते ती जुन्या आहारावर व्यायलेल्या गायींची असते, आणि तिचे आकडे पाहून पुष्कळदा नवा आहार बंद केला जातो. म्हणून आहार बदलल्याची तारीख लिहून ठेवून त्यानंतर व्यायलेल्या गायींचा हिशेब वेगळा मांडतात. वार पडणे आणि लघवीचा सामू यांतला फरक मात्र पहिल्या महिन्यातच दिसू लागतो.